फोटोपुरता स्वेटर काढा!

मागच्या मार्गशीर्षात नात्यातलं एक लग्न होतं, तुळजापूरला. हळद सकाळी सातची. मंगल कार्यालय म्हणजे तीन बाजूंनी भिंती आणि चौथ्या बाजूने बालाघाटाचा वारा! आई नेहमीसारखी जय्यत तयारीने आली होती. पिवळी इरकल, मेंदी रंगाचा पुढून बटणांचा स्वेटर, त्यावरून डोक्यावर घेतलेला पदर आणि हातावर घडी केलेली शाल. बाहत्तर वर्षांची बाई, पण छान दिसत होती हो. (माझी आई आहे म्हणून म्हणत नाही. बरं, म्हणूनही म्हणते.)

तेवढ्यात नवरीची मावसबहीण आली. "काकू, फोटोपुरता स्वेटर काढा की. सगळ्या पिवळ्यात तेवढंच वेगळं दिसायलंय."

आणि आईने काढला. एक शब्द न बोलता, चोरी पकडल्यासारखा. घाईघाईने गुंडाळून पिशवीत कोंबला, शालही कोंबली. फोटोवाल्याचा कॅमेरा, मग त्याचे दिवे, मग नवरदेवाकडच्यांची वाट... ते 'फोटोपुरतं' दीड तास चाललं. तिसऱ्या दिवशी आईला ताप भरला, छातीत घरघर सुरू झाली आणि सहा दिवस सोलापूरला दवाखान्यात काढावे लागले. न्यूमोनिया.

आता तुम्ही म्हणाल, थंडीने थोडाच न्यूमोनिया होतो, त्याला जंतू लागतो. डॉक्टरही हेच म्हणाले. मान्य. पण म्हणून बाहत्तर वर्षांच्या बाईला गार वाऱ्यात कुडकुडत बसवायचा परवाना मिळतो असं तर नाही ना? आणि समजा काहीच झालं नसतं, नुसती थंडी वाजली असती, तरी माझा राग एवढाच राहिला असता. कारण मला तो ताप आठवत नाही, तो स्वेटर पिशवीत कोंबतानाचा आईचा चेहरा आठवतो.

आई आता ठणठणीत आहे. माझा राग मात्र उतरलेला नाही, तो इथे उतरवते आहे.

राग त्या पोरीवर नाही. ती गोड मुलगी आहे आणि आईला भेटायला दवाखान्यात डबा घेऊन आली होती. राग आहे तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलेल्या एका समजुतीवर. ऊबदार कपडा म्हणजे गबाळा कपडा. नटणं एकीकडे आणि ऊब दुसरीकडे. पाहुणे आले की स्वेटर काढायचा, फोटो म्हटला की मफलर लपवायचा, आणि कानटोपी? अरे देवा, ती तर म्हाताऱ्यांनी आणि वॉचमननी घालायची!

गंमत बघा. हीच माणसं नोव्हेंबर लागला की मोबाईलवर 'थंडीतही दिसा स्टायलिश' छापाचे लेख एकमेकांना पाठवतात. त्यात 'लेअरिंग' नावाचा एक मंत्र असतो. आत टर्टलनेक, त्यावर कार्डिगन, त्यावर लांब कोट, पायात गुडघ्यापर्यंत बूट. लिहिणारीने बहुतेक सिमल्याला जायचं ठरवलेलं असावं. धाराशिवच्या स्टँडवर सकाळी साडेसहाला हा सरंजाम घालून उभं राहिलं तर तुळजापूरला उतरेपर्यंत ठीक आहे. अकरा वाजता काय? आणि दुपारी दोनला त्या बुटांचं काय करायचं, लोणचं?

दुसऱ्या बाजूला आहेत ते 'मराठवाड्यात कसली आलीय थंडी' म्हणणारे. यांना मराठवाडा म्हणजे फक्त मे महिना माहीत. अहो, आमचं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे. हवा कोरडी, डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र. सूर्य मावळला की दिवसभर तापलेली जमीन सगळी ऊब उघड्या आभाळात उधळून टाकते, धरून ठेवायला ना ढग ना दमटपणा. पहाटे पारा 10-12 पर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. आणि त्याच दिवशी दुपारी तो 28-30 ला टेकलेला असतो! मुंबईची माणसं 20 अंशाला शाली काढतात, त्यांचं मला काही म्हणणं नाही. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. आम्हाला नुसती थंडी नाही, एकाच दिवसात दोन ऋतू आहेत. म्हणजे प्रश्न किती जाड घालायचं हा नाहीच. प्रश्न आहे, काय कधी उतरवायचं आणि उतरवलेलं ठेवायचं कुठे.

याचं उत्तर माझ्या आजोबांकडे होतं. त्यांनी 'लेअरिंग' हा शब्द जन्मात ऐकला नव्हता.

येळवस आठवते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्या धाराशिव-लातूरकडचा खास सण. त्या दिवशी गावात कुत्रं सापडायचं नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप करायची, पूजा करायची, भज्जी, आंबील, उंडे, खीर असं तुडुंब जेवायचं आणि अंधार पडताना पेटता हेंडगा घेऊन रानात फिरायचं. म्हणजे पहाटेच्या गारठ्यात निघायचं, टळटळीत उन्हात जेवायचं आणि पुन्हा गारठ्यात परतायचं.

पहाटे बैलगाडी जुंपताना आजोबांच्या अंगावर काय असायचं? आत बंडी, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली. त्यावर सदरा. त्यावर काळं बिनबाह्यांचं जाकीट, खिशात चुन्याची डबी. कानाभोवती मफलर आणि त्यावर टोपी. आणि सगळ्यावरून काळी घोंगडी, तिची खोळ केलेली. गाडी शिवेपर्यंत पोचली, ऊन कोवळं झालं की घोंगडी उतरायची ती गाडीत अंथरायची, आम्ही पोरं तिच्यावर. नऊ-दहाला मफलर सुटायचा आणि डोक्याला गुंडाळला जायचा, आता उन्हासाठी! अकराला जाकीट बाभळीच्या फांदीवर. जेवताना नुसती बंडी. आणि चार वाजले, सावल्या लांबल्या की हे सगळं उलट्या क्रमाने परत अंगावर. एकही कपडा वाया नाही, एकही ओझं नाही. दिवसभरात कुठल्याही घटकेला त्या माणसाकडे बघितलं तरी तो नीटनेटका, रुबाबदार दिसायचा. एकेक पदर उतरवताना खालचा पदर दाखवण्यासारखा होता म्हणून.

माझ्या मते स्टाइल म्हणतात ती एवढीच. वरचं काढलं तर खाली लाज वाटेल असं काही नसावं.

याच्या उलट काय असतं तेही मी पाहिलंय. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होते, आमचं गाव तेव्हाच्या उमरगा तालुक्यात. तो हिवाळा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढला. पत्रा रात्री बर्फ आणि दुपारी तवा. मधलं काही नाही. घराच्या जाड दगड-मातीच्या भिंती होत्या तेव्हा दिवसाची ऊब त्या रात्री पुरवायच्या. (त्याच भिंती त्या पहाटे अंगावर आल्या, हेही खरं.) मदतीच्या गाठोड्यांतून आजोबांच्या वाट्याला एक भलाजाड कोट आला, अस्तराचा, कुठल्या तरी थंड मुलखातला. देणाऱ्याचं मन मोठंच म्हणायला पाहिजे. पण आजोबांनी तो एक सकाळ घातला, दहा वाजेपर्यंत घामाघूम झाले आणि दुसऱ्या दिवशी शेळीच्या करडाखाली अंथरला. म्हणाले, "ह्यो कोट न्हाई, ह्यो शेड हाय."

तो एक जाड कोट म्हणजेच आपला आजचा बाजारातला जाड स्वेटर. बाजारात मिळणारे बहुतेक स्वेटर लुधियानाकडून येतात आणि त्यातले पुष्कळसे अॅक्रिलिकचे. 'लोकरीचा' म्हणून आपण विकत घेतो तो धागा मेंढीने कधी पाहिलेलाही नसतो, तो खनिज तेलापासून बनतो. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही. अॅक्रिलिक जवळजवळ काहीच पीत नाही, घाम तसाच अंगावर थबथबतो आणि मग वारा लागला की हुडहुडी. स्वस्त आहे, हलका आहे, धुवायला सोपा आहे, सगळं कबूल. माझ्याकडेही दोन आहेत. पण तो जाडजूड एकच एक घेऊ नका हो! त्यापेक्षा दोन पातळ घ्या. ऊब कपड्यात नसतेच मुळी, ती दोन कपड्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. आपल्या आज्यांना हे पक्कं ठाऊक होतं, नाहीतर जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर एकावर एक ठेवून वाकळ कशाला शिवली असती?

आणि पातळ कापडाचं म्हणाल तर तो आमचा जुना धंदा! आमच्या जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी ग्रंथात तगराचं नाव आहे. तिथून नाना प्रकारचं तलम कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं आणि तिथून पार पश्चिमेला. दोन हजार वर्षांपूर्वी जगाला तलम कापड पुरवणाऱ्या मुलखाला आज एकच जाड जॅकेट घालून दुपारी उकडत बसायची वेळ यावी, हे काही बरं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते, बायकांच्या. कारण पुरुषाने जाकीट घातलं तर तो पुढारी दिसतो. बाईने साडीवर काही घातलं की ती गावंढळ.

शेतात जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा नाहीतर लेकाचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात. आमच्या कळंब, वाशी, भूमकडच्या किती तरी बाया दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, पाचट हात कापतं, दवाने ऊस ओलाचिंब. तेव्हा साडीवर शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, त्यावर पदर. यात चूक काढून दाखवा. शर्ट सुती, पुढून उघडणारा, बाह्या वर सारता येणारा, दुपारी कमरेला बांधता येणारा. कुठल्याही फॅशनच्या कॉलेजात हा पोशाख उत्तम गुणांनी पास व्हावा. आपण काय करतो? सिनेमात आणि विनोदी कार्यक्रमात अडाणी बाई दाखवायची असली की तिला साडीवर शर्ट घालतो आणि हसतो. परदेशातल्या एखाद्या मॉडेलने लांब झग्यावर पुरुषी शर्ट घातला की मात्र 'ओव्हरसाइज्ड'!

हे भांडण आजचं नाही. 1888 साली आगरकरांनी 'सुधारक' काढला. स्त्रियांनी जाकिटं घालावीत असं सांगणारा एक सबंध निबंधच त्यांच्या लेखनात आहे. ज्या माणसाला बालविवाह, केशवपन, संमतिवय अशा जीवघेण्या विषयांवर लढायचं होतं, ज्याची पुण्यातल्या लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, त्याला बायकांचं जाकीट ही किरकोळ गोष्ट वाटली नाही. मला पूर्वी याचं नवल वाटायचं. आता वाटत नाही. बाईने अंगावर काय घालायचं हे तिच्या अंगाला काय वाटतं यावरून ठरायच्या ऐवजी बघणाऱ्याला काय वाटतं यावरून ठरतं, हाच तर सगळा वाद होता. आणि सव्वाशेच्या वर वर्षांनंतर माझी आई बघणाऱ्यासाठी स्वेटर पिशवीत कोंबते आहे.

शाळांबद्दलही थोडं. माझा भाचा सातवीत आहे. शनिवारी त्याची सकाळची शाळा. गेल्या जानेवारीत त्याने घरचा लाल स्वेटर घातला, कारण गणवेशाचा निळा आखूड झाला होता. प्रार्थनेला सगळ्यांसमोर काढायला लावला. शिस्त! बरं, तो निळा तरी कसला, जाळीदार अॅक्रिलिक, वारा आरपार. पोरगं घरी येऊन म्हणालं, "मावशी, मला थंडी वाजतच नाही." झालं. सातवीतल्या पोराने धडा घेतला, की थंडी वाजणं हीच गडबड आहे, ती लपवायची. शाळेने रंग ठरवावा, जरूर ठरवावा. पण निळ्या स्वेटरच्या आत काय घालायचं, नाहीतर एखाद्या दिवशी वेगळा रंग आला तर काय, इतकं तरी ढिलं सोडावं की.

मग करायचं काय? फॅशनवर लिहायचा माझा काही अधिकार नाही, पण रोज पहाटेची एसटी पकडणारीला जे सुचतं ते सांगते.

साडी नेसत असाल तर आधी ब्लाउजकडे बघा. थंडीसाठी दोन-तीन ब्लाउज लांब बाह्यांचे, बंद गळ्याचे, सुती शिवून घ्या. खणाचा लांब बाह्यांचा ब्लाउज इतका देखणा दिसतो की वर काही घातलं नाही तरी चालतं. त्यावर पातळ, अंगाबरोबरचा, पुढून बटणांचा स्वेटर. आणि पदर स्वेटरच्या वरून! यावर आमच्या ऑफिसात दोन तट आहेत. पदर आत आणि स्वेटर वर घेतला की काठ झाकले जातात, पदराचा बोळा होतो आणि माणूस गाठोड्यासारखं दिसतं. पदर बाहेर घेतला तर साडी साडीसारखी दिसते, स्वेटरच्या नुसत्या बाह्या आणि गळा दिसतो, आणि छातीवर एक थर वाढतो तो वेगळाच. वारा सुटला की तोच पदर डोक्यावरून कानावर. आईने त्या दिवशी नेमकं हेच केलं होतं. रंग काठाशी जुळवा, अंगाशी नको. इरकलीच्या लाल काठाला मरून स्वेटर काय खुलतो, करून बघा. डोक्यातून घालायचे स्वेटर घरी ठेवा, गर्दीच्या एसटीत अंबाडा मोडून ते काढता येत नाहीत. आणि पंजाबी ड्रेसवाल्यांनी कुर्त्यावर बिनबाह्यांचा हाफ स्वेटर आणि वरून ओढणीच्या जागी लोकरीची चौकोनी शाल घ्यावी. दुपारी दोन्ही मिळून एका पिशवीत मावतात. मावत नसतील तर काही तरी जास्त जाड घेतलंय असं समजायचं.

शालीवरून घोंगडी आठवली. आमच्याकडे दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ, तिचा नाजूक स्वेटर होत नाही. म्हणून धनगरांनी मेंढ्या राखायच्या, संगरांनी घोंगड्या विणायच्या, चिंचोक्याची खळ देऊन ताठ करायच्या. टोचते, हो. पण ती अंगाला लावायचीच नसते, ती सगळ्यात वरची. खाली सुती काही असलं की टोचत नाही. आता ती लोकर कुणी विचारत नाही, कातरून टाकून देतात, आणि आपण तेलापासून केलेली लोकर आणून तिच्या आत कुडकुडतो. हा एक वेगळा संतापाचा विषय आहे, पुन्हा कधीतरी.

यंदाच्या येळवसला मी जाहीर करून टाकलंय. घरातल्या सगळ्यांचा फोटो दुपारी जेवणं झाल्यावर नाही, सकाळी सातला, शेतात पोचल्या पोचल्या काढायचा. जो जसा आला असेल तसा. स्वेटर, मफलर, कानटोपी, घोंगडी, सगळं अंगावर ठेवून. त्या मावसबहिणीलाही बोलावलंय. ती म्हणाली, "येते, पण माझ्याकडे स्वेटरच नाहीये हो." आईने आतून हाक मारली, "मेंदीचा मी घालणार, म्हणावं. तिला माझा जांभळा दे."